बाहेरच्या बाजूची नळी

वसईतल्या निर्मळच्या तळ्याकडून पश्चिमेला निघालं की आधी वाड्या लागतात, मग भुईगाव किंवा कळंबचा किनारा, आणि त्यापुढे नुसता समुद्र. त्याच दिशेने, जवळजवळ नाकासमोर, दीडशेच्या वर किलोमीटर आत गेलं की मुंबई हाय हे तेल आणि वायूचं क्षेत्र. किनाऱ्यावरून त्यातलं काही दिसत नाही. पण आमच्या ओट्याखालच्या सिलिंडरशी त्याचं जवळचं नातं आहे. तिथला वायू समुद्राच्या तळावरून पाइपाने उरणला येतो आणि उरणच्या प्रकल्पात त्यातून स्वयंपाकाचा गॅस वेगळा काढला जातो.

२७ जुलै २००५, बुधवार. दुपारी चारनंतर मुंबई हायवर आग लागली आणि २२ माणसं गेली. त्या आठवड्यात महाराष्ट्र पुराने झोडपला होता, राज्यात हजारावर माणसं दगावली होती. समुद्रातली ही २२ माणसं त्या बातम्यांच्या गर्दीत मागे पडली. वसईतही कुणाला विचारलं तर २६ जुलै सगळ्यांना आठवतो, २७ जुलै फार थोड्यांना. म्हणून हा घटनाक्रम मांडतो आहे, आणि तो जिथून मांडायला हवा तिथून, म्हणजे बराच मागून.

२४ वर्षं आधी : १९८१

फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या ड्रिलिंगच्या रिगला इथे तेल लागलं. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. त्याच वर्षी एनए हा विहिरींचा छोटा प्लॅटफॉर्म उभा राहिला, १९७८ मध्ये माणसांच्या राहण्यासाठी बीएचएफ, आणि १९८१ मध्ये बीएचएन, म्हणजे बॉम्बे हाय नॉर्थ. बीएचएन हा सात मजल्यांचा पोलादी प्लॅटफॉर्म. पुढे बीएचडब्ल्यू हा चौथा आला. चारही पुलांनी एकमेकांना जोडलेले. एका प्लॅटफॉर्मवर पाळी संपवायची, पूल ओलांडायचा आणि दुसऱ्यावर जेवून झोपायचं, असं तिथलं जगणं.

बीएचएन हे या सगळ्याचं पोट होतं. आसपासच्या ११ प्लॅटफॉर्मांवरच्या विहिरींतून निघणारं तेल, वायू आणि पाणी यांचं मिश्रण इथे येई आणि इथे वेगळं होई. तेल किनाऱ्याकडे जाई. काही वायू मोठ्या दाबाने परत विहिरींकडे पाठवला जाई. विहिरीचा स्वतःचा जोर कमी पडू लागला की तिच्यात असा दाबाखालचा वायू सोडतात, त्याने तेल हलकं होतं आणि वर येतं. तेलवाले त्याला गॅस लिफ्ट म्हणतात.

ही सगळी ये-जा उभ्या पाइपांतून चाले. समुद्राच्या तळावरून प्लॅटफॉर्मपर्यंत चढणाऱ्या पाइपाला रायझर म्हणतात. बीएचएनला वायू बाहेर नेणारे ५ आणि मिश्रण आत आणणारे १० रायझर होते. प्लॅटफॉर्मला पाण्यात तोलून धरणारा जो पोलादी सांगाडा असतो, त्याचं नाव जॅकेट. हे रायझर जॅकेटच्या बाहेरच्या बाजूला बसवलेले होते.

आत बसवले असते तर येणारं जहाज आणि वायू यांच्यामध्ये सांगाड्याचे पाय आले असते. बाहेर बसवल्यावर मध्ये उरले ते फक्त संरक्षक कठडे. ते कठडे सामान पोहोचवणाऱ्या लहान जहाजांचा धक्का सोसतील एवढेच होते. मोठं जहाज येऊन आदळण्याची शक्यता कमी धरली गेली होती.

कागदावर ही एक रेघ होती. सांगाड्याच्या आतून काढायची की बाहेरून, एवढाच प्रश्न होता. तो १९८१ मध्ये सुटला आणि पुढची २४ वर्षं पाइप तिथेच राहिले.

१७ वर्षं आधी : ६ जुलै १९८८

स्कॉटलंडच्या पूर्वेला उत्तर समुद्रात पायपर अल्फा नावाचा प्लॅटफॉर्म होता.

रात्री ९:४५ ला तिथला एक पंप बंद पडला. जोडीचा दुसरा पंप दुरुस्तीला काढलेला होता, त्याची सुरक्षा झडप बसवलेली नव्हती, आणि ही गोष्ट रात्रपाळीला कळलेली नव्हती. त्यांनी तो पंप सुरू केला. १० वाजता पहिला स्फोट झाला.

१०:२० ला शेजारच्या टार्टन प्लॅटफॉर्मवरून येणारा गॅसचा रायझर आगीने फुटला. पायपर अल्फा जळताना दिसत असतानाही शेजारचे प्लॅटफॉर्म आपलं तेल पाठवत राहिले होते. मग आणखी रायझर फुटले. १६७ माणसं गेली.

पंपाच्या गळतीने आग लागली होती, पण प्लॅटफॉर्म संपवला तो रायझरमधल्या वायूने. जगातल्या तेलकंपन्यांना त्या रात्रीने हे दाखवून दिलं. १९८९ मध्ये ब्रिटनने समुद्रातल्या पाइपांवर आपत्कालीन झडपा बसवण्याचा नियमच केला. नोव्हेंबर १९९० मध्ये लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालात १०६ शिफारशी आल्या.

झडप कुठे आहे याला इतकं महत्त्व का, ते घरातल्या सिलिंडरवरून कळतं. ओट्याखाली १४.२ किलोचा सिलिंडर. त्याच्या तोंडावर रेग्युलेटर, रेग्युलेटरपासून शेगडीपर्यंत नारिंगी रबरी नळी. नळीला चीर पडली तर वास येतो, कारण मूळच्या बिनवासाच्या गॅसमध्ये मरकॅप्टन मुद्दाम घातलेलं असतं. वाकून रेग्युलेटरची कळ बंद केली की संपलं. नळीत उरलेला ओंजळभर गॅस निघून जातो. कळ आणि चीर यांच्यामध्ये किती गॅस आहे, एवढाच हिशेब. इथे तो ओंजळभर असतो.

बीएचएनच्या रायझरनाही आपत्कालीन झडपा होत्या. त्या पाइपाच्या टोकांना होत्या, आणि पाइप १२ किलोमीटरपर्यंत लांब होते. पाइपच तुटला तर झडपा मिटल्यावरही १२ किलोमीटरपर्यंतच्या नळीत कोंडलेला सगळा वायू बाहेर येणार होता. निर्मळहून नालासोपारा स्टेशनला जाऊन परत यावं एवढी ती लांबी.

साडेपंचवीस तास आधी : मंगळवार, २६ जुलै २००५, दुपारी २:३०

मुंबईवर पाऊस कोसळायला लागला. सांताक्रूझच्या वेधशाळेत २:३० ते ३:३० या एका तासात १९०.३ मिलिमीटर पाऊस मोजला गेला.

२४ तास आधी : २६ जुलै, दुपारी ३:५०

भरती. समुद्राची पातळी ४.४८ मीटर. शहरातलं पाणी समुद्रात जाईना. लोकल थांबल्या. वसईच्या लोकांपैकी जे कामाला मुंबईत होते ते तिथेच अडकले, कोणी डब्यात, कोणी कचेरीत, कोणी रुळांवरून चालत निघाले.

मुंबई हायवर त्या वेळी नेहमीची पाळी चालू होती. एनए प्लॅटफॉर्मपाशी ‘नोबल चार्ली येस्टर’ हा ड्रिलिंगचा रिग उभा होता. ‘समुद्र सुरक्षा’ हे सुमारे १०० मीटर लांबीचं बहुउद्देशी जहाज याच तेलक्षेत्रात दुसरीकडे पाणबुड्यांचं काम करत होतं. जहाज ओएनजीसी या सरकारी तेलकंपनीच्या मालकीचं, चालवायला शिपिंग कॉर्पोरेशनकडे.

साडेसात तास आधी : बुधवार, २७ जुलै, सकाळी ८:३०

सांताक्रूझला २४ तासांच्या पावसाची नोंद झाली : ९४४ मिलिमीटर. कुलाब्याला त्याच काळात ७५ मिलिमीटरही नव्हता.

विमानतळ बंद. तो ३० तासांहून अधिक काळ बंद राहिला. मुंबई हायवर माणसं नेणारी-आणणारी हेलिकॉप्टरं जुहूहून उडतात. किनाऱ्यावरच्या हवामानामुळे तीही जमिनीवर होती.

हा धागा इथेच लक्षात ठेवायला हवा. समुद्रात कोणाला दुखलं-खुपलं तर पहिला उपाय हेलिकॉप्टर. त्या दिवशी तो नव्हता. मुंबईला बुडवणारा तोच पाऊस या प्लॅटफॉर्मचा एक रस्ता बंद करून बसला होता.

आमच्या किनाऱ्यावर, अर्नाळ्याला आणि पाचूबंदरला, बोटी वर ओढलेल्या होत्या. पावसाळी मासेमारी बंदी होती, नारळी पौर्णिमेला तीन आठवडे बाकी होते. दर्या शांत झाल्याशिवाय त्यात जायचं नाही, हा कोळ्यांचा नियम सरकारी बंदीपेक्षा जुना आहे. तेलाच्या कामाला असा ऋतू नसतो. विहिरी जून-जुलैतही वाहत असतात.

२७ जुलै, दुपार : ‘समुद्र सुरक्षा’चं स्वयंपाकघर

जहाजावर रांधणाऱ्याला खलाशी भंडारी म्हणतात. भंडाऱ्याचं काम भर पावसाळ्यातही चुकत नाही. शंभर मीटरचं जहाजसुद्धा जुलैच्या लाटांवर हलतं, आणि हलत्या ओट्यावर सुरी चालवायची असते. छोट्या बोटीवर तर शेगडी, सिलिंडर आणि माणूस असे तिघे मिळून एका हातभर जागेत असतात. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळाशी जाऊन साचतो आणि दिसत नाही. म्हणून सिलिंडर वर उघड्यावर ठेवायचा आणि काम झालं की कळ बंद करायची, हे आमच्याकडचा जाणता तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, नव्या पोराला पहिल्या फेरीतच सांगतो.

‘समुद्र सुरक्षा’वर गॅसचा काही घोळ झाला नाही. स्वयंपाक्याची सुरी निसटली आणि त्याच्या दोन बोटांची टोकं कापली गेली.

रक्त जाणारी, दुखणारी, भीतीदायक जखम. जिवावरची म्हणता येणार नाही. पण तो माणूस कोणाचा तरी सहकारी होता, बोटं जोडायची तर वेळ महत्त्वाची होती, आणि हेलिकॉप्टर येणार नव्हतं. त्याला बीएचएनवर पोहोचवून तिथे उपचार द्यायचे ठरलं.

यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. जखमी माणसाला मदत मिळावी म्हणून शंभर मीटरचं जहाज वळवलं गेलं.

त्याच जहाजावर, त्याच वेळी : सहा पाणबुडे

जहाजावर आणखी सहा जण होते ज्यांना कुठेच जाता येत नव्हतं. खोल पाण्यात दिवसचे दिवस काम करणाऱ्या पाणबुड्यांना रोज वर-खाली आणत नाहीत. जहाजावरच्या पोलादी खोलीत, समुद्राच्या खोलीएवढ्या दाबाखाली ते राहतात. हेलियममिश्रित हवा घेतात, त्यामुळे बोलणं चिरकं होतं. त्यांचं जेवण दुहेरी झाकणाच्या लहानशा कप्प्यातून आत सरकवतात. बाहेरचं झाकण उघडायचं, ताट ठेवायचं, बंद करायचं, दाब सारखा करायचा, मग आतलं झाकण उघडायचं.

त्यांना बाहेर काढायचं तर दाब हळूहळू उतरवावा लागतो. त्याला काही दिवस लागतात. घाई केली तर रक्तात बुडबुडे होऊन माणूस मरतो.

जहाज बीएचएनकडे निघालं तेव्हा हे सहा जण त्या खोलीत होते.

चारच्या आधी : बीएचएनजवळ

वारा नैर्ऋत्येचा, जुलै महिन्याचा. लाटा प्लॅटफॉर्मच्या दिशेने ढकलणाऱ्या. जहाज वाऱ्याच्या बाजूने येत होतं. म्हणजे यंत्रं दमली किंवा चुकली तर समुद्र जहाजाला प्लॅटफॉर्मपासून दूर नेणार नव्हता, त्याच्या अंगावरच नेणार होता. आडोशाच्या बाजूने गेलं तर उलट होतं. बोट चालवणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. धक्क्याला लागतानासुद्धा वारा कुठून आहे ते आधी पाहतात.

अशा जहाजाला तळाशी चारी दिशांना वळणारे पंखे असतात आणि संगणक ते फिरवत जहाजाला एका जागी धरून ठेवतो. बीएचएनकडे येताना ‘समुद्र सुरक्षा’च्या या पंख्यांच्या संगणकी नियंत्रणात बिघाड झाला.

या ठिकाणी थांबता येत होतं. दोन बोटांच्या जखमेवर घट्ट पट्टी बांधून रात्र काढता येते. माझ्या मते या संपूर्ण घटनाक्रमात एवढा एकच क्षण असा आहे की जिथे एका वाक्याने सगळं टळलं असतं, आणि ते वाक्य प्लॅटफॉर्मवरून आलं असतं किंवा जहाजावरून, तरी चाललं असतं.

संगणक बाजूला ठेवून हाताने नियंत्रण घेतलं गेलं. जहाज मागची बाजू पुढे करून प्लॅटफॉर्मला लावायला आणलं. या मागच्या बाजूला, पाण्यापासून उंचावर, जहाजाचा हेलिडेक होता. हेलिकॉप्टर उतरायची ती पोलादी चौकट जहाजाच्या अंगाबाहेर डोकावत होती.

शेवटची काही मिनिटं : दक्षिणेची क्रेन

बीएचएनच्या दक्षिणेकडच्या क्रेनने टोपली खाली सोडली. अशा टोपलीत माणूस बसतो, क्रेनवाला लाटेचा अंदाज घेतो, जहाज लाटेच्या माथ्यावर आलं की उचलतो. उशीर झाला तर जहाज खाली जातं आणि पुन्हा वर येताना टोपलीला खालून मारतं. नाजूक काम आहे.

ते नीट झालं. स्वयंपाकी सुखरूप वर गेला.

ज्या कामासाठी जहाज आलं होतं ते पूर्ण झालं होतं. आता फक्त दूर व्हायचं होतं.

४:०५

एका मोठ्या उसळीने ‘समुद्र सुरक्षा’ला उचललं आणि प्लॅटफॉर्मवर लोटलं. मागचा हेलिडेक गॅस लिफ्टच्या रायझरवर आदळला. निदान एक रायझर तुटला.

पाइप जॅकेटच्या बाहेर होता. कठडे लहान जहाजांपुरते होते. झडपा टोकांना होत्या.

वायू बाहेर पडला आणि पेटला.

४:०५ नंतर

पहिल्या रायझरच्या आगीने शेजारचे रायझर तापले आणि फुटत गेले. पायपर अल्फावर १७ वर्षांपूर्वी झालं होतं तसंच. बीएचएन पेटला, पुलापलीकडचा राहण्याचा बीएचएफ आगीत सापडला. ‘नोबल चार्ली येस्टर’ आणि ‘समुद्र सुरक्षा’ नुसत्या धगीने भाजून निघाले.

या सगळ्यावर मिळून त्या वेळी ३८४ माणसं होती.

प्लॅटफॉर्मच्या समूहावर ८ जीवरक्षक नौका होत्या. त्यांतल्या २ पाण्यात उतरल्या. फुगणारे तराफे १० होते. त्यांतला १ उतरला. रिगवरची निम्मीच साधनं वापरता आली. बाकीच्यांपर्यंत आगीमुळे कोणाला पोहोचताच आलं नाही. साधनं मोजून पुरेशी होती, पण ती जिथे होती तिथेच आग होती.

अनेकांनी समुद्रात उड्या टाकल्या. नेहमीचा बचाव हेलिकॉप्टरने होतो. सकाळपासून न उडालेली हेलिकॉप्टरं आता हवी होती, आणि पाऊस अजून होता.

‘समुद्र सुरक्षा’च्या लोकांना जहाज सोडावं लागलं. सहा पाणबुडे आतच राहिले.

दोन तासांनंतर : संध्याकाळी सहाच्या सुमारास

बीएचएन कोसळला. सात मजले समुद्रात गेले. पाण्याच्या वर जॅकेटचा खुंट तेवढा राहिला. २४ वर्षं उभा असलेला प्लॅटफॉर्म दोन तासांत संपला होता, आणि सूर्य मावळायला अजून तासभर होता.

देशाच्या तेलातला रोजचा सुमारे १,२०,००० बॅरलचा वाटा त्या संध्याकाळी थांबला.

घरोघरी, जिथे वीज होती तिथे, टीव्हीवर कलिना, मिठी नदी, कुर्ला दिसत होतं. मुंबई हायची बातमी पडद्याच्या तळाशी पट्टीवर सरकू लागली. ज्यांच्या घरचं माणूस तिथे पाळीला होतं, त्यांनी फोन लावायला घेतले. त्या दिवशी मुंबईत फोनही नीट लागत नव्हते.

रात्र

नौदल, तटरक्षक दल आणि तेलक्षेत्रातली जहाजं अंधारात, उसळत्या समुद्रात माणसं वेचत होती. पावसाळी पाण्यात तरंगणाऱ्या माणसाचं फक्त डोकं दिसतं, तेही लाटेच्या माथ्यावर असतानाच. दिव्याचा झोत फिरवायचा, लाट खाली जाईपर्यंत थांबायचं, पुन्हा फिरवायचा.

१५ तासांनंतर : गुरुवार, २८ जुलै, सकाळी सातच्या सुमारास

३८४ पैकी ३६२ जण वाचवले गेले होते. अशा समुद्रात, अशा रात्री, हेलिकॉप्टरं धड उडत नसताना ३६२ माणसं बाहेर काढणं ही लहान गोष्ट नाही. ज्यांनी ती काढली त्यांचं ऋण कुठल्या दगडावर कोरलेलं नसलं तरी ३६२ घरांत असेल.

२२ जण आले नाहीत.

३६ तासांनंतर : शुक्रवार, २९ जुलै, पहाट

सहा पाणबुड्यांची सुटका झाली. जळून सोडून दिलेल्या जहाजावर, पोलादी खोलीत, बाहेर काय चाललं आहे ते न दिसता ते ३६ तास होते. दार आतून उघडणं म्हणजे मरण, हे त्या सहाही जणांना माहीत होतं. बाहेर धग आहे की नाही, जहाज कलतं आहे का, आपल्या खोलीला हवा पुरवणारी यंत्रं किती वेळ चालतील, यातलं काहीच त्यांच्या हातात नव्हतं.

सहाही जण जिवंत निघाले.

पाच दिवसांनंतर : सोमवार, १ ऑगस्ट

भाजलेलं ‘समुद्र सुरक्षा’ आगीपासून ओढून दूर नेलेलं होतं. ते मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १८ किलोमीटरवर बुडालं.

तेवीस दिवसांनंतर : शुक्रवार, १९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा, कोळ्यांनी पुन्हा दर्यात जायचा दिवस. समुद्रात गेलेल्या त्या २२ जणांपैकी ११ जणांचेच देह मिळाले. उरलेले ११ बेपत्ता राहिले.

तीन वर्षांनंतर : २००८

भारत सरकारने समुद्रातल्या तेल आणि वायूच्या कामांसाठी स्वतंत्र सुरक्षा नियम लागू केले आणि त्यांच्या अंमलबजावणीचे अधिकार तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाला दिले. पायपर अल्फाला तेव्हा २० वर्षं झाली होती.